८६८, ४०० आणि ३,०८५: जपानी बेसबॉलचे तीन आकडे कसे वाचायचे

जपानी बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही: सगळ्यांत थोर खेळाडू कोण? एकजण सादाहारू ओहचे ८६८ होमरन पुढे करतो. दुसरा म्हणतो, आकड्यांचं काय घेऊन बसलात, शिगेओ नागाशिमाला मैदानावर ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. तिसरा मासाइची कानेदाचे ४०० विजय काढतो, चौथा इसाओ हारिमोतोच्या ३,०८५ हिट्स. मग कोणी तरुण चाहता इचिरोचं नाव घेतो, त्याहून तरुण शोहेई ओतानीचं, आणि वाद पुन्हा मूळपदावर येतो. गावसकर की तेंडुलकर यावर ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. फरक एवढाच की गावसकरच्या धावांमागे कोणते गोलंदाज होते, हेल्मेट होतं की नव्हतं, हे आपल्याला ठाऊक असतं. जपानचे आकडे मात्र आपल्यापर्यंत नुसतेच येतात, त्यांच्या मागचं काही सोबत येत नाही. ते मागचं काय आहे, ते या लेखात सांगतो.

आधी खेळापुरतं थोडं. सामना साधारण नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन बाद झाले की संघाची पाळी संपते. पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो, आणि चार बेस फिरून परत आला की धाव. तीन स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू सोडणं किंवा हुकणं) झाले की बॅटर बाद, त्याला स्ट्राइक आउट म्हणतात. मारता येणार नाहीत असे चार चेंडू पिचरने टाकले तर बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो, तो वॉक. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की होमरन. मारून सुरक्षित बेसवर पोचला की हिट. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी: बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव संघाबरोबरच एका पिचरच्या नावावरही लिहिला जातो. कानेदाचे ४०० विजय म्हणतात ते हे.

जपानला बेसबॉल शिकवला तो टोकियोत शिकवायला आलेल्या होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने, १८७२ साली. पुढची साठेक वर्षं हा खेळ शाळा-कॉलेजांचाच राहिला. १८९६ मध्ये टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या पोरांनी योकोहामातल्या अमेरिकनांच्या क्लबला २९-४ असं धुतलं, आणि हा खेळ आपलाच आहे अशी भावना देशभर रुजली. १९०३ पासून वासेदा आणि केइओ या विद्यापीठांची चुरस सुरू झाली, १९१५ पासून शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. त्या स्पर्धेसाठी हान्शिन रेल्वे कंपनीने १९२४ मध्ये कोशिएन हे प्रचंड मैदान बांधलं. व्यावसायिक बेसबॉल जन्मायच्या आधीच त्याचं सगळ्यांत पवित्र मैदान उभं होतं. पैसे घेऊन खेळणं तेव्हा जरा हलकं मानलं जाई, आणि ही नजर बदलायला खूप वर्षं लागली.

ती बदलायला सुरुवात झाली १९३४ च्या हिवाळ्यात. योमिउरी वर्तमानपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी अमेरिकेचा तारांकित संघ जपानला बोलावला. बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, चार्ली गेरिंजर, सगळे आले. पण त्यांच्यासमोर उभं कोणाला करायचं? विद्यार्थ्यांनी व्यावसायिकांशी खेळू नये असा हुकूम शिक्षण खात्याने १९३२ मध्येच काढला होता. त्यामुळे क्योतोचा एइजी सावामुरा, वय १७, शाळा सोडून संघात आला.

२० नोव्हेंबर, शिझुओका शहरातलं कुसानागी मैदान. सावामुराने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइक आउट केलं. हे चौघे त्या काळी जगातले सर्वांत भयंकर बॅटर होते, आणि समोर शाळा सोडून आलेला मुलगा. सातव्या इनिंगमध्ये गेरिगने एक होमरन मारला आणि जपान १-० ने हरला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो सावामुरा. महिनाभरात शोरिकींनी त्याच खेळाडूंभोवती व्यावसायिक क्लब उभा केला, तोच पुढे योमिउरी जायंट्स झाला. परदेशी खेळाडूंना मेइजी मंदिराच्या मैदानावर खेळू दिलं म्हणून १९३५ मध्ये एका कट्टर राष्ट्रवाद्याने शोरिकींवर हल्ला केला. त्यातून ते वाचले, आणि १९३६ मध्ये लीग सुरू झाली.

सावामुराने लीगमध्ये तीन नो-हिटर टाकले, म्हणजे तीन अख्ख्या सामन्यांत समोरच्या संघाला एकही हिट घेऊ दिली नाही. मग सैन्याचं बोलावणं आलं. हातगोळे फेकून फेकून त्याचा खांदा गेला. परत येऊन तो खेळला, पण पूर्वीचा वेग आला नाही. २ डिसेंबर १९४४ ला त्याचं सैनिकवाहू जहाज पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. तो २७ वर्षांचा होता. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला १९४७ पासून दिला जाणारा सन्मान त्याच्या नावाचा आहे. कारकिर्दीच्या बेरजेत सावामुरा कुठेच वर दिसत नाही, आणि तरीही कोणताही जाणता चाहता त्याला यादीतून वगळत नाही. आकडे वाचायचा पहिला धडा इथेच मिळतो: युद्धाने ज्यांची वर्षं खाल्ली त्यांच्या बेरजा अपुऱ्या आहेत.

लीगची घडणही समजून घ्यायला हवी, कारण तिने कोणाला प्रकाश मिळाला आणि कोणाला नाही हे ठरवलं. जपानी संघांच्या नावात शहराआधी कंपनी येते. वर्तमानपत्रं (योमिउरी, चुनिची, माइनिची), रेल्वे कंपन्या (हान्शिन, हान्क्यू, नान्काइ, किंतेत्सु, निशितेत्सु), चित्रपट कंपन्या (शोचिकु, दाइएइ, तोएइ) यांनी संघ चालवले. रेल्वेला आपल्या मार्गावर गर्दी हवी होती, वर्तमानपत्राला खप. १९४९ मध्ये नवे संघ घ्यायचे की नाहीत यावर मालकांत भांडण लागलं आणि १९५० पासून लीगचे दोन तुकडे झाले: सेंट्रल आणि पॅसिफिक. आठ संघांचे एका फटक्यात पंधरा झाले, पुढे १९५८ पर्यंत ते बारावर स्थिरावले, प्रत्येकी सहा. दोन्ही विजेत्यांची वर्षअखेरीस गाठ पडते ती जपान सिरीज.

जायंट्स सेंट्रलमध्ये राहिले. १९५३ मध्ये योमिउरीच्याच निप्पोन टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं आणि जायंट्सचे सामने देशभर घराघरांत पोचले. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं जायंट्सने जपान सिरीज जिंकली. त्या संघाचा व्यवस्थापक होता तेत्सुहारू कावाकामी, स्वतः २,००० हिट्स गाठणारा पहिला जपानी खेळाडू. त्या दशकात मुलांना काय आवडतं याचं उत्तर तीन शब्दांत देत: जायंट्स, सुमोचा ताइहो आणि अंड्याचं ऑम्लेट. पॅसिफिक लीगचे सामने ओस बाकांसमोर होत. तेव्हाच्या कोणत्याही खेळाडूची कीर्ती मोजताना, तो टीव्हीवर दिसत होता का, हे आधी विचारावं.

आता ओह. जन्म १९४० चा, टोकियोचा. वडील चीनमधून आलेले, चिनी खाणावळ चालवणारे, आई जपानी. १९५७ ची वसंतातली कोशिएन स्पर्धा त्याने शाळेसाठी पिचर म्हणून जिंकली, बोटाला फोड येऊन चेंडूला रक्त लागत असताना. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात मात्र त्याला संघाबरोबर खेळता आलं नाही, कारण तो जपानी नागरिक नव्हता. १९५९ मध्ये जायंट्सने त्याला घेतलं आणि पिचिंग सोडायला लावून पहिल्या बेसवर उभं केलं. पहिल्या २६ प्रयत्नांत एकही हिट नाही. सत्ताविसावा होमरन. तरी त्या मोसमाची सरासरी .१६१, म्हणजे हजार संधींत १६१ हिट्स. असल्या आकड्याने माणूस संघाबाहेर जातो.

१९६२ मध्ये हिरोशी आराकावा हा प्रशिक्षक आला. ओहची अडचण अशी होती की बॅट पुढे येण्याआधी हात मागे खाली जात आणि चेंडूला उशीर होई. आराकावाने त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला शिकवलं. अशा अवस्थेत हात हलवले की तोल जातो, त्यामुळे वाईट सवय शरीर आपोआप टाकून देतं. १ जुलै १९६२ ला तो पहिल्यांदा सामन्यात एका पायावर उभा राहिला आणि त्याच दिवशी होमरन मारला. पुढचा सराव ऐकून थक्क व्हायला होतं. आराकावाने त्याला आयकिडो या जपानी युद्धकलेच्या गुरूंकडे नेलं, तोल पोटापाशी ठेवायला शिकवलं. घरात छताला कागदाची पट्टी टांगून खऱ्या तलवारीने ती कापायला लावली. कागद हलका, जोर लावला की तो तलवारीसोबत वाहत जातो, पातं अचूक कोनात आलं तरच कापला जातो. रोज रात्री हे चाले, पायाखालची चटई झिजेपर्यंत. त्या मोसमात ३८ होमरन झाले. तिथून सलग तेरा वर्षं सेंट्रल लीगमध्ये सर्वाधिक होमरन ओहचे. १९६४ मध्ये १४० सामन्यांत ५५. ३ सप्टेंबर १९७७ ला ७५६ वा, अमेरिकेच्या हँक ॲरनच्या ७५५ च्या पुढे. सरकारने राष्ट्रीय सन्मान पुरस्कार नव्याने सुरू केला, तो पहिला त्यालाच. १९८० मध्ये निवृत्त झाला तेव्हा ८६८.

अमेरिकन चाहते इथे अडवतात, आणि त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. जायंट्सचं कोराकुएन मैदान लहान होतं, दोन्ही कडांना सीमा सुमारे ९० मीटरवर. ओह दाबून कठीण केलेल्या लाकडाची बॅट वापरत असे. तशा बॅटवर १९८१ मध्ये बंदी आली. पिचरांचा सरासरी दर्जाही अमेरिकेहून कमी होता. हे सगळं मान्य. पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. ओहने ८६८ होमरन २,८३१ सामन्यांत मारले, ॲरनने ७५५ मारायला ३,२९८ सामने घेतले. ओहला २,३९० वॉक मिळाले, म्हणजे पिचर त्याला खेळूच देत नव्हते. तो डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा. म्हणून १९६४ मध्ये हिरोशिमाच्या संघाने जवळपास सगळे क्षेत्ररक्षक उजव्या बाजूला आणून उभे केले. डावीकडे अख्खं मैदान मोकळं होतं. त्याने तिकडे टोलवण्याचा मोह धरला नाही, त्यांच्या डोक्यावरून मारत राहिला.

आणि माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा घरचाच आहे. जपानमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ६५७ होमरन आहेत. मैदानं लहान होती तर ती सगळ्यांनाच लहान होती. तरी ओह दुसऱ्यापेक्षा २११ नी पुढे. आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडून पाहण्याआधी त्याच देशातल्या, त्याच काळातल्या पुढच्या माणसाशी ताडावा. त्या कसोटीवर ओहसारखा क्वचितच कोणी उतरतो. १९७४ मध्ये टोकियोत ओह आणि ॲरन यांची होमरनची स्पर्धा झाली होती, ती ॲरनने १०-९ अशी जिंकली.

ओहच्या एका मोसमातल्या ५५ च्या आकड्याशी एक दुखरी गोष्टही जोडलेली आहे. १९८५ मध्ये हान्शिनचा अमेरिकन खेळाडू रँडी बास ५४ होमरनवर पोचला होता. मोसमाच्या अखेरीला समोर जायंट्स, आणि त्यांचा व्यवस्थापक खुद्द ओह. जायंट्सच्या पिचरांनी बासला मारण्याजोगे चेंडू जवळजवळ दिलेच नाहीत. २००१ मध्ये टफी ऱ्होड्स आणि २००२ मध्ये ॲलेक्स कॅब्रेरा ५५ वर येऊन थांबले, तेव्हाही ओहच्या संघाच्या पिचरांनी हेच केलं. असा आदेश मी दिला नव्हता, असं ओहने सांगितलं, आणि त्याचा स्वभाव पाहता मला ते पटतं. पण जे झालं ते वाईट होतं. विक्रम राखण्यासाठी समोरच्याला खेळूच न देणं हा खेळाशी द्रोह आहे. २०१३ मध्ये व्लादिमीर बालेंतिएनने ६० मारून तो विषय कायमचा संपवला, आणि बहुतेक चाहत्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

नागाशिमाकडे असा एखादा शिखराचा आकडा नाही. ४४४ होमरन, सहा वेळा सरासरीत पहिला. उत्तमच, पण ओहपुढे फिके. तरी जुन्या चाहत्याला विचारा, त्याचे डोळे नागाशिमाच्या नावाने चमकतात. ५ एप्रिल १९५८, पदार्पणाचा सामना. विद्यापीठ गाजवून आलेल्या या मुलाला कानेदाने चारही वेळा स्ट्राइक आउट केलं. नागाशिमाने प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने बॅट फिरवली होती आणि लोकांना तेच भावलं. त्याच मोसमात २९ होमरन मारले आणि ३७ बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला न जाताच पळून पुढचा बेस गाठला. खरं तर होमरन ३० झाले असते, पण एकदा चेंडू बाहेर गेल्याच्या आनंदात तो पहिल्या बेसला पाय न लावताच पळाला आणि तो होमरन रद्द झाला. असा खेळाडू लोक विसरतील कसे?

पुढच्याच वर्षी, २५ जून १९५९ ला, सम्राट आणि सम्राज्ञी पहिल्यांदाच व्यावसायिक बेसबॉल पाहायला कोराकुएनला आले. जायंट्स विरुद्ध हान्शिन. सातव्या इनिंगमध्ये नवख्या ओहच्या होमरनने ४-४ बरोबरी झाली. नवव्या इनिंगला सम्राटांची निघायची वेळ काही मिनिटांवर आलेली असताना नागाशिमाने मिनोरू मुरायामाचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत मारला आणि सामना संपवला. तो चेंडू सीमारेषेबाहेर होता, हे मुरायामा जन्मभर म्हणत राहिला. पैसे घेऊन खेळणं हलकं मानणाऱ्या देशात व्यावसायिक बेसबॉलला त्या रात्री प्रतिष्ठा मिळाली. असा क्षण बेरजेत धरता येत नाही. चाहते म्हणतात, ओह नोंदवहीत आणि नागाशिमा आठवणीत. जून २०२५ मध्ये नागाशिमा ८९ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याला कधी खेळताना न पाहिलेले लोकही हळहळले.

दुसरा आकडा, ४००. कानेदा १९५० पासून राष्ट्रीय रेल्वेच्या कोकुतेत्सु स्वॅलोज या संघात होता आणि तो संघ जवळजवळ दरवर्षी तळाशी. त्यामुळे कानेदाच्या नावावर ४०० विजयांबरोबर २९८ पराभवही आहेत, आणि तोही विक्रमच. सलग चौदा मोसम त्याने वीस किंवा जास्त विजय मिळवले, तेही अशा संघाकडून. ४,४९० स्ट्राइक आउट. आज एखाद्या पिचरने मोसमात १५ सामने जिंकले तरी कौतुक होतं. मग हा काय अजब प्रकार?

उत्तर तेव्हाच्या पद्धतीत आहे. संघातला सर्वोत्तम पिचर आज सुरुवात करी, उद्या शेवट सांभाळायला येई, परवा पुन्हा सुरुवात. १९५८ ची जपान सिरीज घ्या. क्यूशूच्या निशितेत्सु लायन्सने जायंट्सविरुद्ध पहिले तीन सामने गमावले. मग काझुहिसा इनाओने पुढचे चारही सामने जिंकून दिले. सातपैकी सहा सामन्यांत तो खेळला, ४७ इनिंग टाकल्या, आणि पाचव्या सामन्यात दहाव्या इनिंगला स्वतःच होमरन मारून सामना संपवला. बेप्पूच्या मच्छीमाराचा हा मुलगा. लहानपणी वडिलांच्या होडीत वल्हं मारून कंबर-पाय तयार झालेले. त्याच्या गावाकडे लोक देवाच्या आणि बुद्धाच्या जोडीने इनाओचं नाव घेऊ लागले. १९६१ मध्ये त्याने एका मोसमात ४२ सामने जिंकले. १९६४ मध्ये शून्य. खांदा संपला होता, वय २७.

त्याच १९६१ मध्ये चुनिची ड्रॅगन्सच्या हिरोशी गोंदो या नवख्या पिचरला ६९ सामन्यांत उतरवलं गेलं. ३५ विजय, ४२९ इनिंग. लोक वेळापत्रक म्हणून दाखवायचे: आज गोंदो, उद्या गोंदो, परवा पाऊस, तेरवा गोंदो. दोन-तीन वर्षांत त्याचा हात गेला. हाच गोंदो १९९८ मध्ये योकोहामाचा व्यवस्थापक झाला, आपल्या पिचरांना जपून वापरलं आणि जपान सिरीज जिंकला. आज जपानी पिचर सहसा आठवड्यातून एकदा सुरुवात करतो. म्हणून कानेदाचे ४०० कोणी मोडणार नाही, आणि तो आकडा वाचताना ज्यांचे खांदे मधेच संपले त्यांनाही मोजावं. कानेदा टिकला हे त्याचं शरीर आणि त्याची जिद्द. त्या पद्धतीला त्याचं श्रेय द्यायला मी तयार नाही.

तिसरा आकडा, ३,०८५. इसाओ हारिमोतो १९४० मध्ये हिरोशिमात कोरियन कुटुंबात जन्मला. चार वर्षांचा असताना उजवा हात आगीत भाजला, बोटं चिकटून आखडली. पाचव्या वर्षी अणुबाँब पडला. तो वाचला, थोरली बहीण गेली. बॅट धरायला एक हात जेमतेम उपयोगी असलेला हा माणूस डावखुरा बॅटर झाला, सात वेळा लीगमध्ये सरासरीत पहिला आला, ५०४ होमरन आणि ३१९ बेस चोरून ३,०८५ हिट्सवर थांबला. जपानी लीगमध्ये एवढ्या हिट्स दुसऱ्या कोणाच्याच नाहीत.

आता हे तीन आकडे एकत्र ठेवून पाहा. सर्वाधिक होमरन ओहचे, चिनी बापाच्या मुलाचे. सर्वाधिक विजय कानेदाचे, ज्याचे आईवडील कोरियन. सर्वाधिक हिट्स हारिमोतोच्या. यांच्याही आधी ३०० विजय पहिल्यांदा गाठले व्हिक्टर स्टार्फिनने, रशियन क्रांतीतून पळून होक्काइदोत आलेल्या कुटुंबातल्या मुलाने. युद्धात त्याला जपानी नाव घ्यायला लावलं आणि कारुइझावात नजरकैदेत ठेवलं. आज आसाहिकावाचं मैदान त्याच्या नावाने ओळखलं जातं. ज्यांना देशाने आपलं म्हणायला वेळ लावला, त्यांनीच देशाच्या लाडक्या खेळाची शिखरं बांधली. चांगल्या कंपन्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत ज्यांना दार बंद होतं, त्यांना मैदान हा एक उघडा रस्ता होता. जपानी बेसबॉलची थोरवी सांगताना हे न सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

पॅसिफिक लीगच्या अंधाराचं मोल कोणी सर्वांत जास्त चुकवलं असेल तर कात्सुया नोमुराने. दुसऱ्या क्रमांकाचे ते ६५७ होमरन त्याचे. गरीब विधवेचा मुलगा, १९५४ मध्ये चाचणी देऊन नान्काइ हॉक्समध्ये शिरलेला, सुरुवातीला पिचरांचे सरावाचे चेंडू झेलण्यापुरता. तो कॅचर होता, म्हणजे प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, पिचरला काय टाकायचं ते सांगायचं, आणि मग बॅट घेऊन जायचं. असा माणूस १९६५ मध्ये होमरन, सरासरी आणि धावा मिळवून देणं या तिन्हींत एकाच वर्षी पहिला आला. बॅटरच्या कानाशी पुटपुटून त्याचं लक्ष उडवायची त्याची खोड प्रसिद्ध होती. हान्क्यूचा युताका फुकुमोतो बेस चोरण्यात इतका पटाईत (कारकिर्दीत १,०६५) की नोमुराने पिचरांना चेंडू टाकण्याआधीची हालचालच आखूड करायला शिकवलं. जगभरचे पिचर आज जे आवरतं पाऊल टाकतात त्याचा जपानमधला उगम या दोघांच्या झटापटीत आहे. १९७५ मध्ये सहाशेवा होमरन झाला तेव्हा मैदानावर थोडीच माणसं होती. त्या दिवशी तो म्हणाला की ओह आणि नागाशिमा सूर्यफुलं आहेत, मी समुद्रकाठी रात्री गुपचूप फुलणारं फूल. मला कोणी विचारलं की आकड्यांनी कोणावर अन्याय केला, तर मी ओहआधी नोमुराचं नाव घेईन. टीव्हीसमोर खेळला असता तर वाद दोघांचा नसता, तिघांचा असता.

एका इनिंगसाठी अमर झालेलेही आहेत. १९७९ च्या जपान सिरीजचा सातवा सामना, हिरोशिमा कार्प विरुद्ध किंतेत्सु, ओसाका मैदान. कार्प हा शहरवासीयांचा संघ. सुरुवातीला पैसे संपले तेव्हा मैदानाबाहेर पिंपं ठेवून लोकांकडून वर्गणी गोळा करून तगवलेला. नवव्या इनिंगला कार्प ४-३ पुढे. पिचर युताका एनात्सु. तिन्ही बेस भरलेले, एकही बाद नाही. दुसरा पिचर तयार होतोय हे पाहून एनात्सु दुखावला. पहिल्या बेसवरून साचिओ किनुगासा चालत आला आणि तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय, असं त्याला सांगून गेला. पहिला बॅटर स्ट्राइक आउट. पुढच्याने हळूच टेकवून तिसऱ्या बेसवरच्या धावपटूला आणायचा डाव टाकला. एनात्सुचा हात सुटायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याने चेंडू बाहेरच्या बाजूला उंच नेला, बॅट पोचली नाही, धावपटू मधेच सापडला. मग तोच बॅटर स्ट्राइक आउट. इनिंगभरात २१ चेंडू. जपानी चाहता आजही ते २१ चेंडू एकेक करून सांगू शकतो.

हे सगळं आता बदललं आहे, आणि त्याचं कारण अमेरिका. १९९५ मध्ये किंतेत्सुच्या हिदेओ नोमोने नियमातली फट पकडली: जपानमध्ये निवृत्ती घेतली की परदेशात खेळायला मोकळीक. तो लॉस एंजेलिसला गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला. १९९८ पासून पोस्टिंगची व्यवस्था आली. संघ आपल्या खेळाडूला अमेरिकन लीगसाठी खुला करतो आणि मोबदला घेतो. इचिरो सुझुकी सात वर्षं ओळीने पॅसिफिक लीगमध्ये सरासरीत पहिला आला, १,२७८ हिट्स घेऊन २००१ मध्ये सिएटलला गेला आणि अमेरिकेत आणखी ३,०८९ घेतल्या. बेरीज ४,३६७. मग सर्वाधिक हिट्स कोणाच्या, हारिमोतोच्या की इचिरोच्या? कानेदानेच १९७८ मध्ये स्थापलेला मेइक्युकाइ हा थोर खेळाडूंचा मंडळ (२,००० हिट्स, २०० विजय किंवा २५० सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने, ही पात्रता) सुरुवात जपानमध्ये झाली असेल तर दोन्ही देशांची बेरीज धरतो. लीगची अधिकृत नोंदवही धरत नाही. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

ओतानीचंही तसंच. जपानच्या निप्पोन-हॅम संघात पाच मोसम, ४२ विजय आणि ४८ होमरन. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही एकाच माणसाने करायचं ही कल्पना तिथेच तगली, २०१६ ची जपान सिरीजही जिंकली गेली. पण जपानी लीगच्या बेरजेत तो कुठेच नाही, आणि ओहच्या यादीत त्याला बसवायची घाई मी करणार नाही. त्याची थोरवी दुसऱ्या वहीत लिहिली जात आहे. २०२२ मध्ये २२ वर्षांच्या मुनेताका मुराकामीने ५६ होमरन मारले, जपानी खेळाडूंमध्ये ओहचा ५५ चा आकडा अखेर मागे पडला, तेव्हा लगेच हिशेब सुरू झाला की हा असाच खेळत राहिला तर ८६८ गाठेल का. दरवर्षी चाळीस मारले तरी ८६८ गाठायला एकूण वीसहून जास्त मोसम लागतात. आणि असे खेळाडू आता पंचविशी गाठली की अमेरिकेची वाट धरतात.